फ्लूक १०१ मल्टीमीटर: गाडीतल्या बीपचा बिघाड शोधताना किती उपयोगी?

सीटबेल्ट लावलेला असूनही टिंग-टिंग थांबत नाही. चारही दारे बंद असताना कन्सोलवर, म्हणजे स्टिअरिंगमागच्या मीटरच्या पॅनेलवर, दाराचे चिन्ह लुकलुकते. किंवा दिवे चालू ठेवून उतरले तरी गाडी गप्पच. अशी तक्रार घेऊन गेले की अनेकदा थेट बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, नाहीतर अख्खा कन्सोल बदलण्याचा सल्ला मिळतो. पण दोष बहुधा या महागड्या डब्यांत नसतोच. तो दाराच्या स्विचमध्ये, सीटखालच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) किंवा बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली दडलेला असतो, आणि त्याला तिथे गाठायला एक भरवशाचा मल्टीमीटर पुरतो. फ्लूकच्या १०१ या खिशात मावणाऱ्या मीटरचे हे परीक्षण फक्त या एकाच कामापुरते आहे. घरातली वायरिंग किंवा इन्व्हर्टर यांसाठी तो कसा आहे, हा विषय इथे नाही.

निकाल आधीच सांगतो. व्होल्ट आणि ओम मोजायला हा मीटर उत्तम आहे. अँपिअर मोजायची सोय त्यात मुळातच नाही, आणि बीपच्या बिघाडांत एक प्रकार असा आहे की तिथे ही उणीव नडते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मीटर १३० मिलिमीटर लांब, ६५ रुंद, वजन सुमारे १६० ग्रॅम, आत दोन ट्रिपल-ए सेल. डिस्प्ले ६००० काउंटचा (काउंट म्हणजे शेवटच्या अंकाची एक पायरी), रेंज आपोआप बदलते. डीसी व्होल्टची अचूकता ०.५ टक्के अधिक ३ काउंट. बॅटरीवर १२.६० दिसले, तर खरा आकडा जास्तीत जास्त ०.०९ व्होल्ट इकडे-तिकडे असेल. या कामाला एवढी अचूकता भरपूर आहे. लीड, म्हणजे मोजायच्या वायरी, लावायला दोनच छिद्रे आहेत, आणि ही खरोखर मोठी सुरक्षितता आहे. तीन-चार छिद्रांच्या मीटरमध्ये लाल लीड १० अँपिअरच्या छिद्रात विसरून नवशिके बॅटरीला लावतात आणि थेट शॉर्ट करतात. इथे ती चूक घडूच शकत नाही.

मीटर हातात घेण्याआधी बीप नेमका कशाचा आहे ते ओळखायला हवे. भारतात १ जुलै २०१९ पासून एआयएस-१४५ या मानकानुसार नव्या मोटारींना चालक आणि शेजारच्या सीटसाठी बेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्यामुळे ताशी ८० किलोमीटरच्या पुढे मधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा आवाज हा बिघाड नव्हे. समृद्धी महामार्गावर गाडी अचानक बीप करू लागली म्हणून वायरिंग उकलायला बसणारे लोक आहेत. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची पिशवी किंवा पाण्याचा कॅन ठेवला तरी सीटमधला सेन्सर माणूस बसल्याचे धरतो. बिनचावीच्या गाड्यांत रिमोटचा सेल उतरला की वेगळाच इशारा येतो. हे तिन्ही आधी बाजूला काढावेत.

आवाज अजिबातच येत नसेल तर एक परीक्षा फुकटात होते: इंडिकेटर लावून टिकटिक ऐकावी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ही टिकटिक कन्सोलमधला तोच छोटा बझर काढतो. टिकटिक येते आणि इशारा येत नाही, याचा अर्थ बझर ठीक आहे, त्याच्यापर्यंत खबर पोहोचत नाही. जुन्या गाड्यांत मात्र टिकटिक फ्लॅशर रिलेची असते, तिथे हा निष्कर्ष काढू नये. दुसरी खूण केबिनच्या दिव्याची. दिव्याचा खटका मधल्या, म्हणजे दाराच्या स्थितीत ठेवून एकेक दार उघडावे. चालकाचे दार सोडून बाकी तिन्हींना दिवा लागत असेल तर अर्धे काम इथेच संपले.

आता मुख्य मोजमाप. दाराचा स्विच बहुतेक गाड्यांत अर्थच्या बाजूला असतो. बीसीएम आपल्या आतल्या रोधातून (रेझिस्टरमधून) एका वायरवर १२ व्होल्ट, काही गाड्यांत ५ व्होल्ट, सोडून ठेवतो. दार उघडले की स्विच ती वायर बॉडीला जोडतो, व्होल्टेज शून्याला येते आणि बीसीएमला दार उघडल्याचे कळते. त्यामुळे मोजणी सोपी आहे. आधी बॅटरी पाहावी. गाडी बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. १२ च्या खाली असतील तर आधी चार्ज करावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर बीसीएम काहीही दाखवतो आणि पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात. मग काळी प्रोब बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर आणि लाल प्रोब स्विचच्या सिग्नल वायरवर धरून दार उघड-बंद करावे. बंद दाराला भरलेले व्होल्टेज आणि उघड्या दाराला ०.२ च्या खाली, असे असेल तर स्विच निर्दोष.

खरी मजा मधल्या आकड्यांत आहे. बंद दाराला १२ ऐवजी ४-५ व्होल्ट दिसले तर स्विच धड बंद नाही आणि धड उघडाही नाही. पावसाळ्यात पाणी शिरून आत ओलसर गंजाचा थर बसतो आणि त्यातून हजारभर ओमची वाट तयार होते. बीसीएमला कधी दार उघडे वाटते, कधी बंद. खड्ड्यात गाडी आदळली की बीप येतो आणि लगेच जातो, त्याचे कारण बहुधा हेच. स्विचचा कपलर काढल्यावर वायरवर पूर्ण १२ व्होल्ट परत आले तर दोष स्विचमध्ये. कपलर काढूनही व्होल्टेज खालीच राहिले तर वायर पुढे कुठेतरी बॉडीला घासते आहे, किंवा बीसीएमच्या कपलरमध्ये पाणी आहे. उलट, उघड्या दाराला शून्याऐवजी २-३ व्होल्ट राहत असतील तर स्विचची अर्थिंग खराब. एका वायरच्या स्विचमध्ये अर्थ त्याच्या स्क्रूमधूनच येते. पत्र्याला नवा रंग मारला किंवा स्क्रूखाली गंज धरला की ती तुटते. स्क्रू काढून, बूड पॉलिश पेपरने घासून परत घट्ट केला की बऱ्याचदा दुरुस्ती पूर्ण होते, आणि खर्च शून्य.

ज्या गाड्यांत स्विच दाराच्या लॉकमध्येच बसवलेला असतो, तिथे आधी दार आणि खांब यांच्यामधला रबरी बूट पाहावा. दार हजारो वेळा उघडून त्या बुटातल्या वायरी आतून तुटतात आणि वरचे प्लास्टिक शाबूत दिसते. प्रोब लावून ठेवून बूट हाताने वाकवत आकडा बघावा. इथे या मीटरची एक मर्यादा जाणवते. डिस्प्ले सेकंदाला तीनदाच बदलतो, आणि किमान-कमाल नोंदवून ठेवायची सोय नाही. क्षणभर तुटून जुळणारी वायर आकड्यात दिसतच नाही. अशा वेळी कंटिन्यूटीचा, म्हणजे वायर जोडलेली असली की वाजणारा मीटरचा बझर लावून ऐकत बूट हलवावा. खरखरता किंवा तुटक आवाज हाच पुरावा. डोळ्यांपेक्षा कान इथे लवकर सांगतात.

कंटिन्यूटीचा एक सापळा मात्र लक्षात ठेवावाच लागतो. रोध सुमारे ७० ओमच्या खाली असला की या मीटरचा बझर वाजतो. ४० ओमचा गंजका सांधाही त्याच्या लेखी जोडलेलाच. दाराच्या स्विचसारख्या काही मिलिअँपिअरच्या सर्किटला ४० ओम चालून जातील, पण कन्सोलच्या अर्थिंगला ते मारक आहेत. म्हणून बझर वाजला म्हणून वायर पास करू नये, पिवळे बटण दाबून ओमचा आकडा वाचावा. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून लीडचा स्वतःचा रोध पाहावा आणि तो वजा करावा. ओम मोजताना कपलर काढलेला आणि वीज बंद हवी, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

अर्थिंग पारखायची खरी रीत ओमची नाहीच, व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे करंट वाहत असताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजायची आहे. इग्निशन चालू, हेडलाइट, पंखा, मागची काच तापवणारी तार असे सगळे लावून ठेवावे. लाल प्रोब कन्सोलच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनवर, काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. ०.३ किंवा ०.५ आला तर वाटेतला बोल्ट सैल किंवा गंजलेला आहे. कन्सोल मंद होणे, नको ती चिन्हे चमकणे, बझरचा आवाज घोगरा होणे या तक्रारी एकत्र येतात तेव्हा पहिली शंका हीच घ्यावी. ६ व्होल्टच्या रेंजमध्ये हा मीटर १ मिलिव्होल्टपर्यंत वाचतो, त्यामुळे या मोजणीत तो अगदी चोख आहे. फक्त बॅटरीपर्यंत पोहोचायला काळी लीड अपुरी पडते. दोन-तीन मीटरची जाड वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिप घेऊन जोडणी करून ठेवावी.

डीसीवर या मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओमपेक्षा जास्त आहे. बीसीएमच्या नाजूक वायरवर तो काहीच भार टाकत नाही, म्हणून तो इथे सुरक्षित. पण याच गुणामुळे फसगतही होते. एकाच तंतूवर लटकलेल्या वायरवरही मीटर खुशाल १२.४ दाखवतो, कारण तो जवळपास करंट घेतच नाही. फ्यूजपासून कन्सोलपर्यंतची सप्लाय लाइन तपासताना म्हणून जोडीला १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब लावलेला साधा टेस्ट लॅम्प हवाच. तो ०.४ अँपिअर ओढतो. बल्ब मंद पेटला आणि त्याच वेळी मीटरवरचा आकडा ९ वर घसरला, तर वायर आतून खाल्लेली आहे. हा लॅम्प फक्त सप्लाय आणि अर्थच्या वायरींवर वापरावा. बीसीएमच्या सिग्नल वायरींवर, मॉड्यूलना आपसात जोडणाऱ्या कॅनच्या दोन वायरींवर आणि एअरबॅगच्या कुठल्याही वायरवर तो लावू नये.

सीटबेल्टच्या इशाऱ्याकडे वळताना हात आवरता घ्यावा. सीटखाली पिवळा कपलर किंवा पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरची. तिच्यावर ओमचा मीटर कधीही लावू नये. मीटर स्वतः सोडतो तो थोडासा करंटही तिथे धोक्याचा आहे. सीटखालचा कुठलाही कपलर काढण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे. तो बहुधा मिनिट-दीड मिनिटाचा असतो, तीन मिनिटे थांबले तर बिघडत काही नाही. टर्मिनल परत जोडण्याआधी सगळे कपलर बसवलेले हवेत, नाहीतर एअरबॅगचा दिवा कायमचा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर शोधावा लागतो.

बकलमधला स्विच साधा असेल तर काम सरळ आहे. दोन पिनांवर ओम लावून बेल्टची पट्टी घालावी आणि काढावी, एका स्थितीत एक-दोन ओम आणि दुसऱ्या स्थितीत ओएल (मोजता न येण्याइतका रोध, म्हणजे सर्किट तुटलेले) दिसायला हवे. कोणत्या स्थितीत जोडलेला असतो हे मॉडेलनुसार बदलते, म्हणून फरक पडतो की नाही एवढेच पाहावे. काही गाड्यांत बकलमध्ये दोन ठरावीक रोध असतात, तिथे ओएल कधीच येणार नाही, दोन वेगळे आकडे येतील. आणि काहींत हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. तो वीज मिळाल्याशिवाय काहीच सांगत नाही, त्यामुळे ओमचा आकडा पाहून तो खराब ठरवणे चूक आहे. खूप वेळा कारण याहून साधे असते: बकलमध्ये पडलेला बिस्किटाचा चुरा, नाणे, सांडलेला चहा. बकल उलटा धरून ब्लोअरने हवा मारावी आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक लहानसा फवारा द्यावा. डब्ल्यूडी-४० नको, त्याचा थर आत राहून धूळ धरतो.

शेजारची रिकामी सीट बीप करत असेल तर सीटच्या गादीतली सेन्सरची चटई आणि तिचा कपलर पाहावा. हा कपलर गालिच्याला लागून असतो. एसीचे पाणी बाहेर न जाता आत ठिबकत असेल तर शेजारच्या बाजूचा गालिचा सर्वात आधी भिजतो आणि पिनांवर हिरवा गंज चढतो. कोकणात आणि गोव्यात हा हिरवा थर नेहमीचाच. कपलर काढून चटईच्या दोन पिनांवर ओम मोजावे, आधी रिकामी सीट, मग कुणाला तरी बसवून. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर चटई गेली. आकडा नीट बदलत असेल तर चटई चांगली आहे, आणि पिना साफ करून, वायरला सीट पुढे सरकवल्यावरही ताण येणार नाही इतकी ढील देऊन कपलर परत बसवावा.

प्रोबची टोके या कामाला जाड आहेत. कपलरच्या समोरून घुसवली की आतली पकड पसरते आणि जो सैल सांधा आधी नव्हता तो तपासणाराच निर्माण करतो. कपलरच्या मागून, वायरच्या कडेने बारीक बॅकप्रोब पिन सरकवावी. नसेल तर शिवणाची लांब टाचणीही चालते. वायरच्या प्लास्टिकला भोक पाडून मोजायची सवय अनेक गॅरेजांत आहे, ती सोडायलाच हवी. त्या भोकातून शिरलेली दमट हवा काही महिन्यांत तांबे खाऊन टाकते आणि नवा बिघाड जन्माला येतो. चांगल्या बॅकप्रोब पिनांचा संच कंपनीने डब्यातच दिला असता तर गाडीचे काम करणाऱ्यांची मोठी सोय झाली असती. दुसरी उणीव प्रकाशाची. डिस्प्लेला बॅकलाइट नाही, आणि बीपचे काम डॅशबोर्डखाली, सीटखाली, अंधारातच चालते. डोक्याला लावायची टॉर्च जवळ हवी.

आता अँपिअरची गोष्ट. दाराचा स्विच अडकला किंवा चावीच्या खाचेतला स्विच चिकटला की नुसता बीपच बिघडत नाही. दार उघडे आहे किंवा चावी आत आहे असे समजून बीसीएम झोपतच नाही, आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. गाडी बंद करून सगळी मॉड्यूल झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट हवा. हा मोजायला १०१ असमर्थ आहे. फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजून करंट ओळखायची युक्ती चांगली, पण ती इथे चालत नाही. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध सुमारे ७ ते ८ मिलिओम असतो. १५० मिलिअँपिअरच्या गळतीला त्यावर जेमतेम १ मिलिव्होल्ट पडतो, आणि या मीटरची डीसीवरची बारीक पायरी तेवढीच, वर ३ काउंटची चूक. डायलवर मिलिव्होल्टची वेगळी जागा आहे, पण ती एसी व्होल्टेजची. डिकीचा किंवा ग्लोव्हबॉक्सचा ५ वॅटचा दिवा पेटता राहिला असेल तर ३ मिलिव्होल्टचा अंदाज कदाचित येईल. जागा राहिलेला बीसीएम सापडणार नाही. ज्यांची तक्रार बीप आणि बॅटरी उतरणे अशी दुहेरी आहे, त्यांनी १०१ घेऊ नये. त्याच मालिकेतला १०७ अँपिअरही मोजतो आणि त्याला बॅकलाइट आहे. किंमत वाढते, पण या कामासाठी ती योग्य आहे.

जुन्या गाड्यांत, जिथे बीसीएम नाही आणि डॅशखाली वेगळा बझर लटकतो, तिथे १०१ एकटा पुरतो. बझरच्या एका वायरवर दिव्यांच्या स्विचमधून १२ व्होल्ट येतात, दुसरी दाराच्या स्विचमधून अर्थला जाते. दिवे लावून दार उघडावे आणि बझरच्या दोन पिनांमध्ये व्होल्ट मोजावेत. पूर्ण व्होल्टेज असून आवाज नाही तर बझर बदलावा. व्होल्टेज नाही तर एकेक पिन बॉडीच्या तुलनेत मोजली की कुठली बाजू तुटली ते लगेच कळते.

मीटरऐवजी ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीतले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारे यंत्र) घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. बीपच्या कामाला तो क्वचितच उपयोगी पडतो. त्यासोबतची साधी ॲप्स इंजिनचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. दार, बेल्ट, बीसीएम यांचे बी आणि यू कोड वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारे सॉफ्टवेअर लागते. ते असेल तर मात्र सोन्याहून पिवळे: दाराचा स्विच बीसीएमला कसा दिसतो ते थेट स्क्रीनवर कळते.

आणि बेल्टचा आवाज बंद करायला बकलमध्ये खुपसायची क्लिप हा उपाय नव्हेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिप विक्रीतून काढून टाकायचा आदेश दिला होता. बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १००० रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की एअरबॅग बेल्ट बांधलेल्या शरीरासाठी आखलेली असते. बकलचा स्विच खराब असेल तर बकल बदलावे.

खरेदी करताना सीलबंद डबा, बिल आणि वॉरंटी पाहूनच घ्यावा. नवा मीटर घरी आणल्यावर नव्या ट्रिपल-ए सेलवर आधी १.५ ते १.६ व्होल्ट येतात का ते बघावे, मग दोन्ही प्रोब टेकवून ओमचा आकडा स्थिर राहतो का ते तपासावे. लीड बुडाशी हलवल्यावर आकडा नाचत असेल तर त्याच दिवशी बदलून घ्यावा.